बिनचेनीचा उंट

३ फेब्रुवारी

ही वही मुलाच्या ऑफिसातली. गेल्या वर्षीची, कोरीच पडून होती. तारखा छापलेल्या आहेत पण वार गेल्या वर्षीचे. आज मंगळवार, वही म्हणते सोमवार. मी म्हटलं, असू दे. वार खोटे, तारखा खऱ्या. निम्मं खरं असलं तरी पुष्कळ झालं, माणसांचं तेवढंही नसतं.

लिहायचं कारण ठकी. ठकी म्हणजे माझी नात, पाच वर्षांची, बालवाडीत जाते. दुपारी तिला अक्षरं गिरवायची असतात आणि एकटीला कंटाळा येतो. म्हणाली, "आजी, तू पण अभ्यास कर." मी तिसरीपर्यंत शिकलेली. त्यानंतर हातात सुई आली. ती पुढे सोफ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं चालली. खुर्च्यांच्या खोळी, गाद्यांच्या खोळी, उश्यांच्या खोळी. आमचे मिस्त्री म्हणायचे, बाईंनी शिवलेली खोळ माणसाआधी फाटणार नाही. मिस्त्री गेले. खोळी असतील कुठे कुठे.

तर मी आणि ठकी समोरासमोर बसतो, ती 'ग' काढते आणि मी हे.

इथे येऊन पाच दिवस झाले. ठकीला सांभाळणारी बाई अचानक सोडून गेली तेव्हा मुलाचा फोन आला. "आई, महिनाभर येऊन राहा. बघू कसं जमतंय. जमलं तर इथेच राहा कायमची." पिशवी भरायला मला पाच मिनिटं लागली, त्यातली चार शिवणाचा डबा शोधण्यात गेली. आता आईला मुलाकडे न जमायला काय झालं? पण बोलले नाही. असं जमवून दाखवायचं की महिन्यानं दोघांनी म्हणावं, आई नव्हती तेव्हा आपण राहत कसे होतो!

आणि बघा, लगेच संधी आली. वीस तारखेला ठकीच्या शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम आहे. आवडत्या कार्टूनचं सोंग घेऊन जायचं आणि दोन वाक्यं बोलायची. सून म्हणाली, "मी मोबाइलवरून तयार पोशाख मागवते."

ठकी म्हणाली, "नको. आजी शिवणार."

"आजीला तुझं ते घटघट कार्टून माहीत तरी आहे का?"

मी म्हटलं, "तोंडओळख नसली म्हणून काय झालं, मला त्याची पाठ दाखवा. मापं पाठीवरूनच घेतात."

मुलगा हसला. सून हसली नाही. ती हसायला जरा हात आखडताच आहे.

४ फेब्रुवारी

घटघट पाहिला. उंटाचं पिल्लू आहे. बुटकं, जाडं, मातकट रंगाचं, डोळे बटाट्याएवढे. पाठीवर मदार, आणि मदारीला चक्क नळ! कुणी तहानलेला दिसला की नळ सोडतो आणि म्हणतो, "तहान लागली? या, या, या! एक घोट तुम्हाला, एक घोट मला!" आणि स्वतः पण पितो. म्हणून घटघट.

ठकी समोर बाटली घेऊन बसते. तो प्यायला की ही पिणार. एका भागात अकरा वेळा प्यायला, मी मोजलं. त्यानंतर पोरीला घेऊन पाच वेळा मोरीकडे धावले. सांभाळणारी बाई का पळाली असेल ते मला आज कळलं.

मापं घेतली. ठकीला गुदगुल्या होतात, छाती एकदा बावीस इंच भरली, एकदा चोवीस. मधलं धरलं. शिवणीत दोन्हीकडे दोन दोन बोटं कापड जास्त ठेवणार आहे. पोरं वाढतात. दर वर्षी थोडं उसवून सोडलं की हाच उंट आठ वर्षांपर्यंत चालेल. तयार पोशाखात असं मिळतं का?

६ फेब्रुवारी

आज मुलगा आणि सून जेवणाच्या टेबलावर कागद भरत बसले होते. मुलानं माझं जन्माचं साल विचारलं, कोणत्या गोळ्या घेते ते विचारलं, गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं, "काय रे, माझं लग्न ठरवतोस की काय?" तो म्हणाला, "बँकेचं आहे गं आई." बँकेला माझ्या गुडघ्याशी काय करायचंय देव जाणे. पण हल्ली सगळीकडे सगळं विचारतात.

मी चहा घेऊन आत गेले तेव्हा सून म्हणत होती, "निदान महिना तरी होऊ दे." मुलगा म्हणाला, "तोपर्यंत नंबर जाईल." मग दोघांनी चहा घेतला. बँकेत गर्दी असते, नंबर लावावाच लागतो. पण ही बाई प्रत्येक गोष्टीत त्याला अडवते, हे मी पहिल्या दिवसापासून बघतेय. माझा मुलगा गरीब आहे. कारखान्यात मी त्याला खोळींच्या ढिगावर झोपवायची. तेव्हापासून जिथे ठेवाल तिथे राहणारा.

त्यांनी दाखवलं तिथे मी सही केली. माझी सही चांगली येते, मिस्त्रींनी शिकवली होती.

७ फेब्रुवारी

कापड आणलं. बाजारात तीन दुकानं पालथी घातली. केसाळ हवं, पण टोचायला नको. दुकानदार म्हणाला, "आजी, गाडीच्या सीटला की काय?" मी म्हटलं, "उंटाला." तो म्हणाला, "मग उंटाला घेऊन या, अंगाला लावून बघू." मी सोडते का! म्हटलं, "तो शाळेत गेलाय." दुकानातली सगळी हसली.

मदारीला फोम हवा होता. तो मी घरातूनच काढला. यांच्या सोफ्याच्या कोपऱ्यातल्या गादीत दोन थर आहेत, तिथे कुणी बसत नाही. एक थर काढला आणि तोंड आतल्या टाक्यानं परत शिवलं. खुद्द मिस्त्रींना कळलं नसतं.

सुनेला कळलं. संध्याकाळी औषधांच्या दुकानातून आली (तिथे दिवसभर काउंटरवर उभी असते), आणि नेमकी त्या कोपऱ्यात बसली. बसली ती गेलीच खाली! ठकी इतकी हसली की तिला उचकी लागली. सून म्हणाली, "आई, विचारायचं तरी." मी म्हटलं, "विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात." हे खरंच आहे. ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील म्हणा. पण एवढ्याशा फोमचं एवढं मनाला लावून घ्यायचं म्हणजे!

८ फेब्रुवारी

आज मला फिरवून आणलं. मुलानं गाडी काढली, ठकीला शेजाऱ्यांकडे ठेवलं. त्याच्या ओळखीच्या कुणाची तरी आई एका ठिकाणी राहते, तिला भेटायचं होतं. सुंदर जागा. मोठी बाग, बाक, बाकांवर म्हाताऱ्या. ती आई काही भेटली नाही, बाहेर गेली होती म्हणे. पण पांढऱ्या बुटांची एक बाई भेटली, काय तिचा स्वभाव! "जिना चढता येतो का? आंघोळ आपली आपण करता का? रात्री किती वेळा उठता?" सख्खी बहीण एवढं विचारणार नाही. मी तिला घटघटची सगळी गोष्ट सांगितली. खोल्या पण दाखवल्या तिनं. खिडकीजवळची एक दाखवून म्हणाली, "ही आवडेल ना?" मी म्हटलं, "कुणालाही आवडेल."

येताना मुलगा गाडीत गाणं गुणगुणत होता. सून खिडकीबाहेर बघत होती. माणूस चांगल्या ठिकाणाहून येतोय तर जरा तोंड हसरं ठेवावं की नाही?

९ फेब्रुवारी

आनंदाची बातमी! मुलानं माझी खोली सोडून दिली. कारखान्यामागची, बावीस वर्षं राहिले ती. म्हणाला, "आई, आता ती कशाला ठेवायची?" म्हणजे जमलं! महिना व्हायच्या आधीच जमलं. दहा दिवसांत पास झाले मी. ठकीला उचलून घेतलं, गुडघा कुरकुरला, कुरकुरू दे.

भांडी कुठे ठेवायची विचारलं तर म्हणाला, "भांड्यांची गरज नाही पडणार." खरंच आहे, इथे भांडी आहेतच.

१३ फेब्रुवारी

उंट अंगात आला. म्हणजे धड शिवून झालं, पाय झाले, डोकं म्हणून टोपी झाली, तिला बटाट्याएवढे डोळे. मदारीत फोम, आणि नळ म्हणून जुन्या कुकरच्या झाकणाची मूठ.

आज सून घरी येताना चेन घेऊन आली. हातभर लांब, कापडाशी रंग अगदी जुळवून आणलेली. म्हणाली, "आई, ही मागे लावा. काढता-घालता यायला हवं."

मी म्हटलं, "उंटाला चेन? पाठीवर? मदार मधोमध चिरली तर राहिलं काय?"

"पोटाला लावा मग."

"पोट तर सगळ्यांना दिसतं."

"दिसू दे ना. मुलीला बाथरूमला जावं लागलं तर?"

"घालायच्या आधी नेईन की मी. पाच मिनिटांचं तर सोंग."

"आई, मी सांगतेय ते एकदा ऐका."

मी चेन घेतली आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिली. मिस्त्रींचा शब्द होता, चेन म्हणजे आळशाचा टाका. खोळ चढवायची, आत भर नीट बसवायची, मग वाकडी सुई घेऊन तोंड हातानं बंद करायचं. बाहेरून बघणाऱ्याला कळताच कामा नये की हे कुठून उघडतं. एकतीस वर्षं तसंच केलं. आता औषधं विकणाऱ्या बाईकडून शिवण शिकायचं? मुलगा सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. तिथूनच म्हणाला, "अगं करू दे तिला हवं तसं." उंटावरून शेळ्या हाकाव्या त्या यानंच. पण आईच्या बाजूनं बोलला, एवढं खरं.

१७ फेब्रुवारी

अंगावर घालून पाहिलं. पाठ नुसत्या टाचण्यांनी बंद केली. काय दिसली म्हणून सांगू! आरशासमोरून हलेना. "तहान लागली? या, या, या!" आरशाला पाणी दिलं, मला दिलं, कपाटाला दिलं. मग म्हणाली, "आजी, तू आमच्याकडेच राहणार ना?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी माझी खोलीसुद्धा सोडली." ती म्हणाली, "मग तू माझ्या खोलीत का नाही सामान लावत? पिशवीतच ठेवतेस."

पोरीचं बारीक लक्ष असतं. कपाट रिकामं करून देतो म्हणालाय मुलगा, अजून झालं नाही. कामात असतो.

२० फेब्रुवारी, सकाळ

गेले सगळे!

सून साडेसहालाच गेली, तिची पहिली पाळी. जाताना ठकीची पापी घेतली, मला म्हणाली, "चेन लावली ना?" मी म्हटलं, "तुम्ही निघा, उशीर होईल." खोटं बोलले नाही.

ठकीला आधी मोरीत नेऊन आणलं. मग उंटात बसवली. वाकडी सुई घेतली. सुई पोरीला लागू नये म्हणून आतून लाकडी पट्टी सरकवत गेले आणि मानेपासून खाली पाठ शिवत आणली. बेचाळीस टाके. पोरगी श्वास रोखून उभी. मुलगा गाडीची किल्ली वाजवत समोरच उभा होता, फोनवर बोलत. एकदा बघितलं, म्हणाला, "वा, फिट्ट!" आणि परत फोनवर.

शेवटची गाठ आत ढकलली. कुणी शोधून दाखवावं, कुठून उघडतो हा उंट!

२१ फेब्रुवारी

काल दुपारी लिहायला बसले नाही. ठकीही बसली नाही.

कार्यक्रम दहाचा होता. पाहुणे आलेच नाहीत वेळेवर, बारा वाजले. पोरं सोंगं घेऊन रांगेत बसून. ठकी बाटलीतून पाणी पीत होती, कारण घटघट पितो. मग तिला लागली. तिच्या बाईंनी मागून पुढून चाचपलं, उघडायला काही सापडेना. त्यांनी कात्री आणली.

ठकीनं कापू दिलं नाही.

हे मला ठकीनंच सांगितलं, घरी मी टाके उसवून तिला उंटातून काढल्यावर, माझ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून. "आजी, कात्रीनं कापलं असतं तर तुला परत शिवायला लागलं असतं. तुझे डोळे दुखतात ना." बाईंना म्हणाली, नाही लागली, गेली. आणि धरून बसली. पाऊण तास.

स्टेजवर गेली. "तहान लागली? या, या, या!" म्हणाली. "एक घोट तुम्हाला" म्हणाली. तेवढ्यावर सुटलं. केसाळ कापडातून, फोममधून, पायांवरून खाली. पहिल्या रांगेतलं कुठलं तरी पोर ओरडलं, "घटघटचा नळ फुटला!" आणि सगळं सभागृह हसलं. मोठी माणसं पण. कुणी टाळ्या वाजवल्या. लोक मोबाइल धरून होते, कुणी तरी ते सुनेला पाठवलं. तिनं दुकानात, गिऱ्हाइकासमोर ते पाहिलं.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"दुसरं वाक्य पूर्ण केलं. 'एक घोट मला.' मग खाली आले." मग म्हणाली, "आजी, मी खूप धरलं होतं."

एकतीस वर्षं ज्यांच्यासाठी शिवलं त्यांना कधी लागली नाही. खुर्चीला कुठे शू लागते? माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात आलं नाही असं कसं लिहू, सुनेनं सांगितलं होतं. कानात आलं होतं. डोक्यात येऊ दिलं नाही.

सून आली ती सरळ मोरीत गेली. मदार उसवून, फोम काढून, उंट हातानं धुतला. नळ खूप वेळ सोडलेला होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "चेन आणून दिली होती मी, आई." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

२२ फेब्रुवारी

मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. हात हातात घेतला. त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

"आई, आता तुला आराम हवा."

"मला कसला आराम? मी चेन लावते की. अर्ध्या तासाचं काम आहे."

"चेनीचा प्रश्न नाही आई."

"मग कसला आहे?"

तो म्हणाला, "परवा जे झालं ते बघितलंस ना? तुझ्या लक्षात राहत नाही. उद्या गॅस सुरू राहिला तर? ती बाग आठवते? तुझ्या वयाच्या बायका आहेत. तू म्हणालीस, खोली आवडली."

मी म्हटलं, "तू समोर उभा होतास रे. मी शिवत होते तेव्हा."

त्याचा फोन वाजला. तो उठून गॅलरीत गेला. तिथे बराच वेळ बोलत होता. मी बघत होते, फोन कानाला उलटा लावला होता.

सून स्वयंपाकघराच्या दारात होती. म्हणाली, "आई, मी परत बोलून बघते त्यांच्याशी." मी म्हटलं, "तुम्ही बोलूच नका. तुम्ही बोललात म्हणूनच तर हे झालं." ती आत गेली.

मी वाईट नाही बोलत कुणाला. पण एक चेन नाही लावली, त्याची एवढी शिक्षा?

२८ फेब्रुवारी

खिडकीजवळचीच खोली मिळाली. दोन खाटा, एक कपाट, एक खुर्ची. दुसऱ्या खाटेवर एक मास्तरीणबाई आहेत, चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. मी लिहिताना मान लांब करून बघतात आणि म्हणतात, "वेलांटी दुसरी." मी म्हणते, "तुम्हाला कळलं ना? मग झालं."

ठकीला सांगितलंय की आजी थोडे दिवस बागेत राहायला गेली. सुनेनं माझी पिशवी भरली. खाली तळाशी उंट ठेवला होता, धुऊन, इस्त्री करून. मी मागितला नव्हता.

पांढऱ्या बुटांच्या बाईनं माझी फाईल उघडली. माझा कागद वर होता, खाली माझी सही. बँकेच्या कागदावर दिली होती तशीच. वर तारीख, सहा फेब्रुवारी. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मी म्हटलं, "बाई, तारीख चुकलीय. आमचं ते उंटाचं वीस तारखेला झालं. त्याच्यानंतरची हवी."

ती म्हणाली, "नाही आजी, आमच्याकडे यादी मोठी असते. नाव आधीच द्यावं लागतं, नाही तर नंबर जातो."

सहा तारखेला तर उंटाचं कापडसुद्धा आणलं नव्हतं.

मुलानं घाईत भरलं असेल. घाईत माणूस तारीख चुकतो. मी मास्तरीणबाईंना पण तसंच सांगितलं. त्यांनी मान लांब करून हे वाचलं. वेलांटीची चूक काढली नाही.

२२ मार्च

चेन लावली. बटणांच्या डब्यातच होती, सुनेनं आणलेली. पोटाला नाही, पाठीलाच लावली, पण मदारीच्या बाजूनं वळवून घेतली, आणि वर केसाळ कापडाची पट्टी सोडली. दिसत नाही आणि उघडते. मिस्त्री असते तर गप्प बसले असते. हे आधी का सुचलं नाही? हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मुलाला फोन केला. "झालं बघ काम, आता काही अडचण नाही." तो म्हणाला, "छान. ठेव जपून." मी म्हटलं, "ठकीला घेऊन ये, घालून बघते." तो म्हणाला, "पुढच्या रविवारी."

१४ जून

पुढचा रविवार बाराव्यांदा पुढे गेला. मुलगा दोनदा आला. बसला, घड्याळ बघितलं, पंखा चालतो का विचारलं. ठकीला पोहायचा वर्ग असतो, आणि इथून गेल्यावर ती रडेल म्हणून आणत नाही म्हणाला. मी म्हटलं, "एकदा रडू दे की. मी असताना रडेल, नसताना रडण्यापेक्षा."

सून दर पंधरा दिवसांनी येते. पहिल्या पाळीनंतर, दोन गाड्या बदलून. गोळ्या आणते, नखं कापते. मी तिच्याशी फार बोलत नाही. आज तिनं पर्समधून एक सुतळी काढली. म्हणाली, "ठकीची उंची. दाराला टेकवून उभी केली आणि मापून घेतली. तुम्हाला लागेल ना?"

मी मागितली नव्हती.

ती गेल्यावर उंट उसवला, एक बोट सोडला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "सून चांगली आहे हो तुमची." मी म्हटलं, "चेनीचा रंग बरोबर आणते, एवढं आहे." मग सुतळी परत एकदा मापली. सुतळीच्या टोकाला गाठ आहे. मोठ्या माणसानं मारलेली नाही ती. तीन वेडेवाकडे वेढे.

१५ नोव्हेंबर

सून आली. नवी सुतळी आणली. ठकी पहिलीत गेली. पुढचे दोन दात पडलेत. घटघट आता बघत नाही, दुसरं काहीतरी बघते, पंख असलेलं.

माझी नखं कापता कापता सून म्हणाली, "ठकीनं विचारलंय तुम्हाला काहीतरी."

"काय?"

"चेन लावली का, म्हणाली."

मी म्हटलं, "लावली म्हणावं. आता कात्री नको लागायला, म्हणावं." सून मान खाली घालून नखं कापत राहिली. एक नख दोनदा कापलं. मी पण हात काढून घेतला नाही. जाताना मी तिला म्हटलं, "सोफ्याच्या त्या कोपऱ्यात बसू नकोस. फोम आणून दे, मी भरून देते." पहिल्यांदाच तिला अगंतुगं केलं. ती दारात थांबली, मग गेली. गाडी चुकली असती.

संध्याकाळी उंट खाटेवर पसरला. शिवणी सगळ्या उसवल्या. या बाजूची दोन बोटं, त्या बाजूची दोन बोटं, पायांची दुमड, सगळं सोडलं. आता शिवणीत कापड उरलं नाही. कडेला धागे दिसायला लागले. सुतळी वर ठेवली. चार बोटं पुढे गेली.

मी म्हणाले होते, आठ वर्षांपर्यंत चालेल. एक वर्षसुद्धा झालं नाही.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता नाही हो बसायचा तिला." मी म्हटलं, "मला दिसतंय."

धागे नीट खोचून घेतले, परत शिवला, आणि घटघटला खुर्चीत बसवला. चांगला बसला, खुर्चीसाठीच शिवल्यासारखा. चेन वर केली, खाली केली. कुठे अडकत नाही. खुर्चीला काय, शू लागत नाही. तरी मी चेन उघडीच ठेवलीय.